चोविसाव्या हिश्श्यात न मावणाऱ्या गोष्टी

मॉडेल गाडीवर क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, शेवटचा ओला थर बसलेला असतो, बॉडी अजून चकाकत असते आणि नेमका तेव्हाच धुळीचा एक कण कुठूनसा तरंगत येतो आणि टपाच्या मधोमध बसतो. बंपरखाली किंवा मागच्या कोपऱ्यात बसायला त्याला भरपूर जागा असते, पण बसतो टपावरच. असतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. खऱ्या गाडीवर तो कुणाच्या नजरेलाही आला नसता. पण ही गाडी १/२४ मापाची, म्हणजे तिच्या हिशेबात हा कण २.४ मिलिमीटरचा, खडीचा चांगला ठसठशीत दाणाच. चिमट्यानं उचलून टाकावा असं हाताला फार वाटतं आणि तिथंच घोटाळा होतो. चिमट्याचं टोक ओल्या थरात रुतलं की खड्डा पडतो, आणि तो काढायला अख्खा टप घासावा लागतो. कण तसाच राहू द्यावा, थर पुरता वाळू द्यावा, मग २००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरचा नखाएवढा तुकडा घेऊन तेवढीच जागा हलक्या हातानं सपाट करावी आणि वरून पुन्हा क्लिअर मारावा. हे सगळं माहीत असूनही तो कण दिसताक्षणी जीव चडफडतोच.

कारण त्या कणात किटमधले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून छोट्या गाड्या करण्याच्या या छंदाची सगळी अडचण साठलेली आहे. गाडी चोवीस पट लहान झाली, धूळ झाली नाही. रंगाची जाडी, प्लास्टिकची जाडी, बोटाच्या ठशातल्या रेघा, मेटॅलिक रंगातली चमक, हवेतला ओलावा, सगळं होतं त्याच मापाचं राहिलं. खोका उघडल्यापासून शेवटचा आरसा चिकटवेपर्यंत माणूस जे काही करतो, ते या लहान न झालेल्या गोष्टींना कसंबसं मापात बसवणं असतं.

मापं तशी सरळ आहेत. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, १/१२ म्हणजे फुटाला एक इंच. १/४३ मॉडेल रेल्वेच्या ओ गेज या मापावरून आलं, फुटाला ७ मिलिमीटर. अमेरिकी किट मोठ्या संख्येनं १/२५ ची, जपानी बहुतेक १/२४ ची. शेल्फावर शेजारी ठेवली तर तेवढा फरकही डोळ्याला टोचतो. पण किट बनवणाऱ्यांना हे गणित दरवेळी पाळता आलेलं नाही. जुन्या जपानी किटमध्ये विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या असत, आणि बॅटरी काही लहान करता येत नाही. तामिया या जपानी किट कंपनीच्या १९६१ च्या पँथर रणगाड्याला १/३५ हे विचित्र माप मिळालं ते आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून, आणि पुढे रणगाड्यांच्या किटचं तेच रूढ माप होऊन बसलं. हीच तामिया १९७६ च्या १/१२ पोर्शे ९३४ साठी मात्र एक खरी पोर्शे ९११ विकत घेऊन नटबोल्टापर्यंत सुटी करायला मागेपुढे पाहत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच धंद्यातल्या आहेत आणि दोन्ही मला सारख्याच प्रिय आहेत. अमेरिकेत एएमटी ही कंपनी आधी गाडीच्या शोरूमसाठी तयार मॉडेलं बनवायची, बरीचशी ॲसिटेट प्लास्टिकची. ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसत, वाकत गेलं. आज ती मॉडेलं पाहिली तर चासी केळ्यासारखी वर आलेली दिसते. मग १९५८ च्या सुमारास ‘थ्री इन वन’ किट आली, एकाच खोक्यातून कंपनीतून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची गाडी करा, आणि हळूहळू पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक सगळीकडे रुळलं.

मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. चोवीसनं गुणलं तर ७.२ मीटर. म्हणजे आपण खरी गाडी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं पाहतो आहोत. सात मीटरवरून काय दिसतं, हे एकदा मुद्दाम उभं राहून बघावं. दारांच्या फटी काळ्या दिसत नाहीत, गाडीच्याच रंगाची गडद छटा दिसतात. टायर काळे दिसत नाहीत, करडे दिसतात. काचेचा काठ दिसतच नाही. हे बघितलेल्या माणसाच्या हातून पांढऱ्या गाडीच्या फटींत काळी शाई भरली जात नाही. तो करडा रंग घेतो, लाल गाडीला तपकिरी. टायरला निव्वळ काळा लावला की गाडी खेळण्यातली वाटू लागते, काळ्यात थोडा करडा मिसळला की लगेच भानावर येते. विमानांची मॉडेलं करणारे मापाप्रमाणे मूळ रंगसुद्धा फिका करतात. गाडीच्या बाबतीत ते मला पटत नाही. गाडीचा रंग चकाकतो, त्यात प्रतिबिंब असतं, तो फिका केला की गाडी धुऊन धुऊन विटल्यासारखी होते.

बॉडीची तयारी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक भाग. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बॉडीवर एक बारीक रेघ उठते. ती बहुतेक पुढच्या दिव्यापासून मडगार्डच्या माथ्यावरून निघते आणि मागच्या खांबावरून डिकीपर्यंत जाते. प्लास्टिकचाच रंग असतो तोवर ती दिसत नाही. चकचकीत रंग चढला की उजेड तिच्यावर मोडतो आणि मग दिसायची थांबत नाही. चाकूच्या पात्याची पाठ तिच्यावरून खरवडत न्यायची, मग ४००, ६००, ८००, १००० नंबरच्या वॉटर पेपरनं, या क्रमानं घासायचं. जिथे आतून प्लास्टिक जाड असतं तिथे वरून उथळ खळगा पडलेला असतो, कारण जाड भाग सावकाश थंड होतो आणि थंड होताना पृष्ठभाग आत ओढतो. असा खळगा पुट्टीनं भरायचा, पण घाई नडते. द्रावकाची पुट्टी वरून वाळते आणि आतून कितीतरी दिवस आकसत राहते. आज सपाट केली, रंग चढवला, आणि महिन्याभरानं क्लिअरखालून तिच्या कडेची अस्पष्ट आकृती वर आली, असं होतं. सुपरग्लूनं भरलं तर ते आकसत नाही, पण काही तासांत पॉलिस्टायरीनपेक्षा कडक होतं, आणि मग घासताना भोवतीचं प्लास्टिक खाली जातं, डाग उंच राहतो. ते लावल्यावर लगेच, त्याच बैठकीत घासून घ्यावं.

रंगाआधी आणखी एक काम, जे वगळलं तर पुढे उपाय नाही. खऱ्या गाडीत दाराची फट सुमारे ४ मिलिमीटर. १/२४ मध्ये ती ०.१७ व्हायला हवी. साच्यात इतकी बारीक रेघ नीट उमटवणं अवघड, म्हणून किटवर ती रुंद आणि उथळ असते. तिच्यात प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि क्लिअर असे थर साचत गेले की तळ वर येतो आणि दार नुसतं चित्रातलं उरतं. म्हणून प्रायमरच्या आधी रेघा कोरणीनं खोल करायच्या. रुंद करायच्या नाहीत, खोल करायच्या. कोरणी दाबायची नाही. तिच्याच वजनानं आठ-दहा वेळा ओढली की प्लास्टिकची तार निघू लागते. दाराच्या खालच्या कोपऱ्यात वळण असतं, तिथे दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भेटायचं, नाहीतर कोरणी सरळ निसटते आणि पॅनेलभर ओरखडा उमटतो. मग बॉडी भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवायची, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश प्लास्टिकवर राहतो आणि रंग तिथे धरत नाही. धुतल्यावर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बोटाच्या ठशातल्या रेघांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. मापात मोजलं तर बॉनेटवर सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चऱ्या.

लाल प्लास्टिकमध्ये ओतलेलं किट ही वेगळीच परीक्षा. प्लास्टिकमधला लाल रंगद्रव्याचा अंश लॅकरच्या, म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाच्या, द्रावकात विरघळतो आणि थरांतून वर येतो. लाल प्लास्टिकवर पांढरी गाडी करायला घेतली तर दुसऱ्या-तिसऱ्या थरानंतर ती गुलाबी होऊ लागते, आणि वरून कितीही पांढरा मारला तरी गुलाबी वर येतच राहतो. आधी चंदेरी रंगाचा एक सलग थर द्यावा. त्यातल्या धातूच्या चपट्या कणांची एकावर एक पाखरण होते आणि लाल अडतो. मग प्रायमर. लाल आणि पिवळ्या गाडीखाली करडा प्रायमर असला तर रंग मळकट येतो. लालखाली गुलाबी, पिवळ्याखाली पांढरा घ्यावा. निळ्या-काळ्याला करडा चालतो.

आता जाडी. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळा मिळून रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतो. चोविसाव्या हिश्श्यात तो ४ ते ६ मायक्रॉन व्हायला हवा. इतका पातळ थर कुणालाच देता येत नाही. मॉडेलवर १०० मायक्रॉन चढले, तर मापानं ती २.४ मिलिमीटरची साय झाली. चिन्हं, जाळ्या, दाराच्या कडा सगळं तिच्याखाली गोलसर होऊन बुडतं. म्हणून एअरब्रश, हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा मारणारं हातातलं साधन. ०.३ मिलिमीटरची सुई, १५ ते २० पीएसआय दाब, लॅकर असेल तर रंगाच्या दीड ते दोन पट थिनर, आणि बॉडीपासून दहा-बारा सेंटिमीटर अंतर. पहिले दोन थर धुक्यासारखे विरळ. खालचं दिसलं तरी चालेल. शेवटचा एकच थर ओला, इतका की ओला असताना तो स्वतःहून सपाट होईल आणि तरीही ओघळणार नाही. अंतर वाढलं की थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि खरखरीत पृष्ठभाग येतो. संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो तो थेंब पसरायच्या आधीच वाळल्यामुळे. हवा दमट असेल तर लॅकर दुधाळ होतो, कारण थिनर इतक्या वेगानं उडतो की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. अशा दिवशी रंगवू नये. रंगवलंच तर सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा हलका फवारा दिला की दुधाळपणा बहुतेक वेळा निघतो. मेटॅलिकमध्ये कणाचं माप बघावं: ३० मायक्रॉनचा कण १/२४ मध्ये पाऊण मिलिमीटरचा होतो, आणि सभ्य फॅमिली सेडान जत्रेतल्या पाळण्यासारखी चमचमू लागते. मोटारींच्या दुकानातला टच-अप रंग नेमक्या छटेचा असला तरी बहुधा इथेच फसतो. आणि लॅकर कोणताही असो, खिडकी उघडी, पंखा बाहेर ओढणारा आणि तोंडावर कार्बन फिल्टरचा मास्क. दोन घटकांच्या युरेथेन क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. त्याच्याशी खेळ नको.

रंग वाळला का, हे बोटानं ओळखायचं नाही. बॉडी नाकाशी धरायची.

वास येतो आहे तोवर द्रावक बाहेर पडतो आहे, थर अजून आकसतो आहे. लॅकर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण घासण्याइतका पक्का व्हायला आठवडा धरावा. इनॅमल या सावकाश वाळणाऱ्या रंगाला त्याहून कितीतरी जास्त. डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं, लावायचे असतील तर रंग पुरता वाळल्यावर, तेही चकचकीत पृष्ठभागावरच. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा राहते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसते. वरून स्प्रे क्लिअर मारताना पहिला थर ओला मारला तर त्यातलं द्रावक डिकलला सुरकुत्या पाडतं, म्हणून आधी दोन-तीन विरळ फवारे, मध्ये वाळू देत. मग घासणं: २०००, ३०००, ४०००, पुढे ६००० ते १२००० चे मऊ कापडी पॅड, सगळं पाण्यात, साबणाचा एक थेंब घालून. त्यानंतर पॉलिशची पेस्ट, भरड, मध्यम, शेवटची. धोका कडांवर असतो. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे ओढला जातो, म्हणून बॉनेटच्या कडेला, मडगार्डच्या माथ्याला, दाराच्या रेघेलगत थर सगळ्यात पातळ असतो. चार हात जास्त फिरले की प्रायमर डोकावतो. घासायच्या आधीच या कडांवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावावी आणि अगदी शेवटी, फक्त पेस्टच्या वेळी, काढावी.

काच हा किटमधला सगळ्यात उघड खोटेपणा. खरी समोरची काच सुमारे ५ मिलिमीटर जाड, मापात ०.२. किटमधली एक मिलिमीटर असते, म्हणजे २४ मिलिमीटरची काच. तिच्या जाड काठातून उजेड वाकून येतो आणि गाडी मत्स्यालयासारखी दिसते. उपाय सोपा आहे: काठ आतून काळ्या मार्करनं रंगवायचा. खऱ्या गाडीलाही तिथे काळा रबर किंवा काळी पट्टी असतेच, त्यामुळे डोळा ते बिनतक्रार मान्य करतो. काच सुपरग्लूनं कधीही चिकटवू नये. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी जुळते आणि काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो, तोही आतल्या बाजूनं, जिथे बोट पोचत नाही. पांढरा पीव्हीए गोंद, टूथपिकच्या टोकानं, काठाला चार ठिकाणी, तेवढा पुरतो. जमिनीला लावतात त्या ॲक्रिलिक पॉलिशमध्ये काच आधी बुडवून, धूळ पडणार नाही अशी झाकून वाळवली तर बारीक ओरखडे भरून निघतात.

क्रोमच्या पट्ट्यांपाशी मला थांबावंसं वाटतं. खिडकीभोवतीची चंदेरी कड ब्रशनं रंगवली तर ती रंगवलेली दिसते, कितीही सरळ आली तरी. त्यासाठी मागे चिकट असलेला अतिपातळ धातूचा वर्ख मिळतो, बेअर मेटल फॉइल. कडेपेक्षा दुप्पट रुंद पट्टी पाठीमागच्या कागदावरच कापायची, चिमट्यानं एका टोकाला उचलायची, न ताणता कडेवर ठेवायची. कापसाच्या काडीनं मधून बाहेर दाबत जायचं आणि मग टूथपिकचं टोक बोथट करून कडेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत फॉइल बसवायचं. खाच स्पष्ट दिसू लागली की नवं पातं घ्यायचं, अगदी नवं. पात्याला हातानं दिशा द्यायची नाही. खाचेत टेकवून सोडलं की खाचच त्याला नेते. दाब इतका कमी की फॉइल कापलं जाईल आणि खालचा क्लिअर कापला जाणार नाही. पातं जरा बोथट असलं की फॉइल कापलं न जाता फाटतं आणि सुरकुती गोळा होते. मग ती पट्टी ओढून काढायची आणि नवी घ्यायची, डागडुजी करू नये. जोड द्यायचा तर कोपऱ्यात, जिथे खऱ्या गाडीतही पट्ट्यांचा जोड असतो.

गाडीचं नाव असलेली उठावाची अक्षरं याहून सुंदर निघतात. प्रायमरनंतर, रंगाच्या आधी, त्या अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा दाबून बसवायचा आणि भोवतालचा जादा भाग कापून टाकायचा. मग नेहमीसारखी गाडी रंगवायची. अक्षरं रंगाखाली जातात. रंग धरला की थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापडाचा कोपरा बोटाभोवती ताणून धरायचा आणि अक्षरांच्या फक्त माथ्यावरून फिरवायचा. उंच भागावरचा रंग निघतो, खालून धातू उघडा होतो आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येतात. क्लिअर त्यानंतर. असं अक्षर एखाद्या माणसाला ब्रशनं लिहिता येईल यावर माझा विश्वास नाही.

टायरची गोष्ट जुन्या किटमध्ये जास्त सांभाळायची. मऊ व्हायनिलच्या टायरमध्ये त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर असतं; ते हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीन विरघळवतं. खोक्यात टायर काचांना टेकून पडले असतील तर काचेवर टायरच्या नक्षीचा वितळलेला ठसा उमटतो. किट आणल्या दिवशीच टायर वेगळ्या पिशवीत टाकावेत, रिमलाही आतून रंगाचा किंवा फॉइलचा आडपडदा द्यावा. टायरचा जमिनीला लागणारा पट्टा २४० नंबरच्या कागदावर फिरवून घासला की मधली साच्याची रेघ जाते आणि चाललेल्या टायरसारखा करडेपणा येतो. मग गाडी काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून चारही चाकं टेकतात का बघायचं. एक चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तर खरी गाडी १२ मिलिमीटर हवेत. इंजिन, रंग, क्रोम सगळं उत्तम असलेलं मॉडेल एवढ्या एका गोष्टीनं निर्जीव होतं, कारण त्याला वजन असल्यासारखं वाटत नाही. खरं तर ते नसतंच: १००० किलोच्या गाडीला २४ च्या घनानं, म्हणजे १३,८२४ नं भागलं, तर उरतात ७२ ग्रॅम.

राहिलं इंजिन. बॉनेट उघडणाऱ्या अमेरिकी किटमध्ये आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन असतं, पण डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीची वीज वाटणारा भाग, ही नुसती खुंटी. प्लगच्या खऱ्या वायरी ७-८ मिलिमीटर जाड, म्हणजे १/२५ मध्ये ०.३ मिलिमीटरची तार पाहिजे, ०.५ ची लावली तर इंजिनावर होजपाइप पसरल्यासारखे दिसतात. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत कडेनं आठ आणि मध्ये एक अशी ०.३५ च्या ड्रिलनं भोकं, हातानं फिरवायच्या पिन व्हाइसमध्ये ड्रिल धरून. आणि वायरी कुठूनही कुठेही न्यायच्या नाहीत. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनात डिस्ट्रिब्यूटर मागे, केबिनच्या भिंतीलगत असतो, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, विषम सिलिंडर अमेरिकी चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूला, सम उजवीकडे, डिस्ट्रिब्यूटरच्या आतला रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरणारा. फोर्डच्या २८९ इंजिनात डिस्ट्रिब्यूटर पुढे, क्रम १-५-४-२-६-३-७-८, उजवीकडे १ ते ४ आणि डावीकडे ५ ते ८, आणि रोटर उलट दिशेनं. एकाचा क्रम दुसऱ्याला लावला तर ते इंजिन चालणार नाही, आणि मॉडेलचं इंजिन कधीच चालणार नसलं तरी या बाबतीत सूट घेऊ नये असं मला ठाम वाटतं. आधी मधली कॉइलची वायर, मग टोपीच्या मागच्या बाजूच्या, शेवटी पुढच्या. उलट केलं तर चिमटा आत शिरत नाही. प्रत्येक वायर टोपीत सुपरग्लूच्या ठिपक्यानं पक्की करून वाळू द्यायची, लांबी प्लगपाशी नेऊन मगच कापायची, आणि दुसरं टोक चिकटवण्यापूर्वी एअर क्लीनर आणि बॉनेट एकदा कोरडे बसवून बघायचे, कारण वायरींचा जुडगा दोन मिलिमीटरनं जरी उंच झाला तरी बॉनेट मागच्या कोपऱ्यात उचललेलं राहतं.